टाळ्या न वाजणाऱ्या घरातली पायपेटी

मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते उघडायला दुसऱ्याचे पाय लागतात. मी एक जुनी पायपेटी आहे. कोणी समोर बसून खालच्या दोन फळ्या आळीपाळीने दाबल्या की माझ्या भात्यात वारा भरतो, वरच्या पट्ट्यांवर बोटे पडतात आणि मग कुठे मला बोलता येते. आज मात्र मी कोणाच्या पायांची वाट पाहणार नाही. वय झाले की बाईमाणसाला एवढी सूट मिळावी.

माझा जन्म नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात, एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. माझे अंग बर्चच्या लाकडाचे, पोटात पितळेच्या पातळ जिभा. ज्या कारागिराने मला घडवले तो एकेक जीभ कानाशी धरून छेडायचा आणि स्वतः तोंडाने तोच सूर लावायचा. दोन्ही जुळले नाहीत, की जिभेला कानस लावायचा. स्वतःचे चुकले असेल असे त्याच्या कधी मनात आले नाही.

मग मला शिडाच्या जुन्या कापडात गुंडाळून बोटीवर चढवले. सोबतीला मिठाची पोती आणि एक गाय. तेर्नोया बेट येईपर्यंत ती गाय माझ्याकडे बघून हंबरत होती आणि मला तिला उत्तर देता येत नव्हते. धक्क्यावर कोळ्यांनी मला उचलले.

"जड आहे," एक जण म्हणाला.

"हं," दुसरा म्हणाला.

मला वाटले, या लोकांना मी नकोशी झाले आहे. पुढे कळले की ते माझे जंगी स्वागत होते.

तेर्नोयाच्या लोकांचे तसेच होते. मासे त्यांच्याकडे भरपूर, वारा त्याहून भरपूर, पण कौतुकाचे शब्द मात्र ते हिवाळ्यातल्या लाकडासारखे जपून वापरत. सर्वांत मोठे कौतुक म्हणजे "वाईट नाही". एकदा वादळात एल्डार नावाच्या तरुण कोळ्याने उलटलेल्या होडीवरची माणसे एकट्याने ओढून आणली. सारे बेट धक्क्यावर जमले. कोणीतरी म्हणाले, "वाईट नाही, एल्डार." तेवढ्याने तो कानापर्यंत लाल झाला आणि कितीतरी दिवस लोकांना टाळत राहिला.

मला त्यांनी प्रार्थनाघरात ठेवले. पांढऱ्या फळ्यांचे साधे घर. एक दालन, एक लोखंडी शेगडी, मागे स्वयंपाकघर. तिथे एक रीत होती. गाणे कितीही सुंदर झाले तरी टाळी वाजवायची नाही. गाणे देवाचे, मग टाळी कोणाला? आणि माणसाला वाजवली तर ती त्याच्या डोक्यात जाणार. म्हणून गाणे संपले की सगळे मांडीवर हात ठेवून गप्प बसत आणि थोड्या वेळाने कोणीतरी खोकत असे. मला ती शांतता आवडायची. माझ्यातला शेवटचा वारा निघून जाईपर्यंत कोणी मधे बोलत नसे.

मला वाजवायची बोर्गहिल्ड. आठवडाभर ती मासे वाळवायच्या कामावर असे आणि रविवारी माझ्यापुढे. तिच्या बोटांना मिठाचा वास यायचा, पोटऱ्या भक्कम. तिने दाबलेल्या भात्याला कधी धाप लागली नाही. गुरुवारी महिला मंडळाच्या बायका स्वयंपाकघरात जमत. लोकरीचे मोजे विणत, वॅफल भाजत, त्यावर तपकिरी चीज ठेवून खात आणि साऱ्या बेटाची खबर घेत. मला जगाचे जे काही ज्ञान आहे ते त्या दारातून आलेले आहे.

इल्वा त्या एल्डारची मुलगी. आई ती लहान असतानाच गेली. एल्डार समुद्रावर गेला की पोरीला बोर्गहिल्डकडे सोपवून जाई, आणि बोर्गहिल्ड तिला घेऊन माझ्याकडे येई. इल्वाचे पाय बसून फळ्यांपर्यंत पोहोचत नसत. मग ती सरळ फळ्यांवर उभी राहायची आणि एकदा डावा, एकदा उजवा पाय दाबत जागच्या जागी चालायची. हात पट्ट्यांवर, तोंड उघडे. असे चालत चालत गाणारे मूल मी दुसरे पाहिले नाही. प्रार्थनेच्या गाण्यांनी तिचे भागत नसे. होडीला उशीर का झाला, मांजर कोणाच्या घरी जेवली, सगळ्याची ती गाणी करायची, आणि तीही बेटाच्या बोलीत, कारण दुसरी तिला येत नव्हती.

"कसं झालं, बोर्गहिल्डमावशी?"

"शेवटची ओळ लांबली."

"बाकीचं?"

"बाकीचं मी काही म्हटलं का?"

पोर खूश होऊन पुन्हा फळ्यांवर चढायची. तेव्हा तिला ही भाषा कळत होती.

पंधरा-सोळा वर्षांची झाल्यावर बेटावरची मुले शिकायला मुख्य भूमीवर जातात. इल्वाही गेली. तिथे तिने शाळेतल्या मुलामुलींना घेऊन विजेच्या गिटारींचा वाद्यवृंद काढला. पुढे ऑस्लोला गेली. सकाळी बेकरीत पाव भाजायचे आणि संध्याकाळी एखाद्या कॅफेच्या कोपऱ्यात गायचे, असे चालले होते. गाणी ती स्वतः लिहायची, पण इंग्रजीत. ऑस्लोत सगळ्यांनी तिला सांगितले होते की कोळ्यांच्या बोलीत गायलीस तर कोण ऐकणार? तिची पहिली तबकडी निघाली आणि कोणीच ऐकली नाही.

त्या नाताळात ती घरी आली. धक्क्यावरून तशीच प्रार्थनाघरात शिरली, अंगावर कोट, पायात बर्फाचे बूट. माझे झाकण उघडले आणि गार बोटांनी काहीतरी शोधू लागली. एल्डार तिला दर रविवारी फोन करत असे. त्याला मुलीला खूप काही विचारायचे असे. जेवतेस का, कोणी त्रास देते का, एकटी वाटते का. त्यातले काही त्याच्या तोंडून निघत नसे. तो एवढेच विचारी, "तिकडे वारा कसा आहे?" इल्वाने त्याचेच गाणे केले, आपल्या बोलीत.

*वारा कसा आहे तिकडे, तू विचारतोस, बाबा,*
*मी म्हणते, बरा आहे, आणि खिडकी लावून घेते.*

ऐकताना माझ्या एका पितळी जिभेला कंप सुटला. मित्रांनो, ती जीभ आधीपासूनच थोडी सैल होती, पण त्या दिवशीचा कंप वेगळा होता.

वसंतात ती परत आली, ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका माणसाला घेऊन. ऑस्लोत पायपेट्यांची काय कमी? पण तिला मीच हवी होते. त्या माणसाने माझ्याभोवती तारा पसरल्या, खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि सगळ्यांना श्वाससुद्धा बेताने घ्यायला सांगितले. नेमक्या त्या क्षणी स्वयंपाकघरात टोर्डिसने कॉफीच्या किटलीवर झाकण आपटले. टोर्डिस ही आमची दुकानवाली. बेटावरची सर्वांत तिखट जीभ.

"कॉफी कुणाला हवी?" ती ओरडली.

"बाई, आम्ही गाणं टिपतोय!"

"मग टिपा की. मी काय धरून ठेवलंय तुम्हाला?"

झाकणाचा तो आवाज गाण्याच्या सुरुवातीला आजही ऐकू येतो. इल्वाने काढू दिला नाही.

आणि मग ते गाणे रेडिओवर लागले. एकदा लागले, दुसऱ्यांदा लागले, नंतर लागायचे थांबेचना. शहरातले लोक आमच्या बोलीतले शब्द गुणगुणू लागले. वर्तमानपत्रवाले बोटीने येऊन माझे फोटो काढून गेले. देशातल्या गाण्यांच्या मोठ्या स्पर्धेत इल्वा दुसरी आली. गुरुवारी स्वयंपाकघरात चर्चा झाली.

"दुसरी," टोर्डिस म्हणाली. "बरं झालं बाई. पहिली आली असती तर तिच्याशी बोलायचं कसं?"

"पहिली आलेली वाईट दिसत होती," दुसरी एक म्हणाली.

"ती नाही गं," टोर्डिस म्हणाली. "नुसता झगा वाईट होता."

तबकडी टोर्डिसच्या दुकानातही आली. प्रत्येक घराने ती घेतली, पण दुसऱ्या घराला कळू न देता. टोर्डिस ती आतल्या कपड्यांसारखी जाड कागदात गुंडाळून द्यायची आणि वर एक पावाची लादी ठेवायची. साऱ्या बेटाच्या कपाटांत इल्वा गात होती आणि सारे बेट गप्प होते.

इल्वा डेन्मार्कला गेली, जर्मनीला गेली, जपानलाही जाऊन आली. हजारो माणसे तिच्यासाठी ओरडत, शिट्ट्या मारत, मोबाइलचे दिवे हलवत. आणि एका शरद ऋतूत तिने ठरवले की आपल्या बेटावर गायचे, प्रार्थनाघरात, माझ्यासोबत. वडीलधाऱ्यांनी बराच विचार करून परवानगी दिली. ढोल नको, नाच नको, बाकी चालेल.

त्या संध्याकाळी दालनात मुंगी शिरायला जागा नव्हती. आता नीट ऐका, मित्रांनो, कारण सगळा घोटाळा इथे झाला. मी भिंतीला पाठ लावून उभी असते. म्हणजे वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे येते. इल्वाच्या खांद्यावरून मला सगळे दिसत होते, आणि तिला फक्त मी.

मी काय पाहिले ते सांगते. बोर्गहिल्डची टाच बाकाखाली ताल धरून जमीन दाबत होती, जणू माझ्या फळ्या तीच दाबत होती. टोर्डिसने हातरुमाल इतका पिळला की त्याची दोरी झाली. एल्डार मागच्या दाराशी उभा होता. दोन्ही हातांत टोपी. "वारा कसा आहे" सुरू झाले तेव्हा त्याने ती टोपी तोंडावर धरली आणि गाणे संपेपर्यंत खाली घेतली नाही.

पण टाळी वाजली नाही. एकाही गाण्यानंतर वाजली नाही. शेवटचे गाणे संपले. नेहमीची शांतता पसरली. एरवीपेक्षा जास्त वेळ पसरली. इल्वा उठून वळली तोवर प्रत्येकाने आपला चेहरा आवरला होता आणि सगळे बुटांकडे बघत होते. मग कोणीतरी खोकले. टोर्डिस मोठ्याने म्हणाली, "चला, कॉफी थंड होतेय!" आणि बाक सरकू लागले.

तुम्ही म्हणाल, तिला रीत ठाऊक नव्हती का? चांगली ठाऊक होती. पण इतकी वर्षे रोज कोणी तुम्हाला हाताने उचलून धरत असेल आणि एके दिवशी धरले नाही, तर रीत आठवण्याआधी पडल्याचे आठवते. ती कोट अडकवायच्या बोळात गेली. तिथे, उघड्या दारापलीकडे, दोन माणसे कोट घालत होती.

"गाणी तशी वाईट नव्हती," एक जण म्हणाला.

"हं," दुसरा म्हणाला.

लहानपणी हे ऐकून ती उड्या मारत घरी गेली असती. आता तिने भिंतीकडे तोंड केले. एल्डार बाहेर आला. लेकीला काहीतरी सांगावे म्हणून त्याने दोनदा टोपी डोक्यावर ठेवली आणि दोनदा काढली.

"दमली असशील," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"उद्या वारा वाढणार आहे. जायचं तर सकाळच्या बोटीनं जा."

मित्रांनो, त्याला म्हणायचे होते की वादळात सापडू नकोस. तिने ऐकले, लवकर जा. ती सकाळच्या बोटीने गेली. बेटाला वाटले, पोरीला आपली कॉफी आणि आपली माणसे आता लहान वाटतात. तिला वाटले, माझ्या माणसांना माझी लाज वाटली. आणि दोन्हीकडचे लोक असे, की विचारणार कोणीच नाही.

त्यानंतर इल्वाने आमच्या बोलीत लिहिणे सोडून दिले. लंडनच्या मोठ्या लोकांबरोबर ती इंग्रजीत गाऊ लागली. गाणी चकचकीत होती. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ती लागली की बायकांच्या सुया थांबायच्या.

"आवाज तिचाच आहे ना?" कोणी विचारी.

"तिचाच आहे," टोर्डिस म्हणे. "पण आत ती नाहीये. कुलूप लावून कुठं गेली कोण जाणे."

बोर्गहिल्ड काय करायची ते फक्त मला ठाऊक होते. मंगळवारी दुपारी, प्रार्थनाघरात कोणी नसे तेव्हा ती यायची. दाराला आतून कडी लावायची आणि माझ्यावर इल्वाचे गाणे वाजवायची. तेच, वाऱ्याचे. सुरुवातीला अडखळत, मग सफाईने. संपले की झाकण बंद करायची. एकदा तिने माझ्या लाकडावर हात फिरवला आणि म्हणाली, "मी तिला सांगायला हवं होतं गं." मला सांगून काय उपयोग? माझ्याकडे तर कोणी पाय दाबल्याशिवाय शब्द नाही.

हिवाळ्यामागून हिवाळे गेले. एल्डार स्वयंपाकघरात कॉफी घ्यायला येई तेव्हा बोर्गहिल्ड विचारायची, "फोन केलास?"

"केला."

"काय म्हणाली?"

"तिकडे पाऊस आहे."

"आणि?"

"आणि काय? इकडेही पाऊस आहे, म्हणालो."

"अरे एल्डार, हवामान सांगायला रेडिओ आहे की!"

तो कॉफीत बघत राहायचा. "विचारायचं असतं," तो म्हणायचा, "पण फोन उचलला की होत नाही."

मग माझेही दिवस फिरले. प्रार्थनाघराला विजेवर चालणारे एक हलके वाद्य भेट मिळाले. त्याला भाता नाही, पाय नकोत, बटण दाबले की सारा वाद्यवृंद. मला उचलून कोटांच्या बोळात ठेवले. माझ्यावर कुंड्या आल्या, हरवलेले हातमोजे आले, एका हिवाळ्यात कोणाची तरी मासे ठेवायची टोपली आली. तो वास जायला वर्ष लागले. दमट हवेने माझा भाता कडक झाला, उंदराने कापडाचा कोपरा नेला. बोर्गहिल्डचे गुडघे गेले तसे मंगळवारही गेले. मी कुंडीतल्या जिरेनियमकडे बघत राहायची. ते निदान दर उन्हाळ्यात फुलायचे.

एका गुरुवारी बातमी आली की इल्वाच्या कंपनीने तिला सोडले. नवी गाणी चालत नव्हती. काही दिवस वर्तमानपत्रात "इल्वा कुठे आहे?" असे छापून आले, नंतर तेही थांबले. ती गाणे सोडून एका लहान मुलांच्या शाळेत कामाला लागली होती.

शेवटी प्रार्थनाघरच बंद करून विकायचे ठरले. येणारी माणसे उरली नव्हती. मे महिन्यातल्या एका शनिवारी साऱ्या बेटाने श्रमदान ठेवले. आमच्याकडे अशा वेळी प्रत्येक घरातून माणूस यायलाच हवा. कोणी बादली आणतो, कोणी हातोडी, कोणी केक. बाक शेजारच्या बेटाला द्यायचे, भांडी वाटून टाकायची आणि जे कोणालाच नको ते जूनमधल्या उन्हाळी सणाच्या मोठ्या जाळासाठी किनाऱ्यावर रचायचे. मला त्या ढिगाकडे न्यायची खूण म्हणून माझ्यावर खडूने फुली मारली गेली. मला त्याचे दुःख झाले, पण राग आला नाही. बर्च चांगले जळते, हे मला जन्मापासून ठाऊक आहे.

बोर्गहिल्डने मात्र इल्वाला फोन केला होता. "पेटी जाणार आहे. हवी तर येऊन घेऊन जा. नको असेल तर तसं येऊन सांग. फोनवर नको."

इल्वा आली. केस आखूड, कपाळावर आठी. एल्डारने धक्क्यावर तिची पिशवी घेतली आणि वाऱ्याबद्दलसुद्धा काही बोलला नाही. बोळातून मला पुन्हा दालनात आणले गेले. ती माझ्यासमोर उभी राहिली, पण झाकण उघडले नाही.

"मावशी, मी हिला नेऊन काय करू? मी गाणं सोडलंय."

"का?"

"जमत नाही म्हणून. खरं तर कधी जमलंच नव्हतं. तुम्हा लोकांना ते आधीच कळलं होतं."

"आम्हाला काय कळलं होतं?"

"जाऊ दे. त्या संध्याकाळी इथे कळलंच ना मला."

बोर्गहिल्ड काठी टेकत आली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. "माझे गुडघे चालत नाहीत," ती म्हणाली. "खाली बस. फळ्या तू दाब."

"हातांनी?"

"मग काय कोपरांनी? बस म्हणते ना."

इल्वा माझ्या कडेला, लोकांकडे तोंड येईल अशी, जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि तळहातांनी माझ्या फळ्या दाबू लागली. माझा भाता कुरकुरला, धूळ उडाली, उंदराच्या भोकातून फुस्स आवाज आला. आणि मग बोर्गहिल्डच्या वाकड्या बोटांखाली ते गाणे आले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. इल्वा जिथे अडखळून श्वास घ्यायची तिथे बोर्गहिल्डही थांबत होती. अर्धे सूर माझ्यातून निघतच नव्हते, तरी एकही जागा चुकली नाही.

दालनातले श्रमदान थांबले. कोणाच्या हातात बादली, कोणाच्या हातात फडके. इल्वा कडेला बसली होती म्हणून या वेळी तिची पाठ नाही, तोंड लोकांकडे होते. ती फळ्या दाबत होती आणि एकेकाकडे बघत होती. ओले डोळे लपवायला कोणाचाही हात मोकळा नव्हता.

"तू हे कुठे शिकलीस?" गाणे संपल्यावर तिने विचारले.

"इथे. दार लावून."

"किती दिवस?"

"गुडघे होते तोवर."

"मग त्या संध्याकाळी कोणी एक शब्दसुद्धा का बोललं नाही, मावशी? मी वाट बघत होते. सगळं जग टाळ्या वाजवत होतं आणि मी तुमची वाट बघत होते."

टोर्डिसने बादली खाली ठेवली. "मी कॉफी कॉफी म्हणून ओरडले ना, ते आठवतंय? तेवढं ओरडले नसते तर हंबरडा फोडला असता. आणि या घरात फक्त स्वतःच्या पापांसाठी रडायची परवानगी होती."

"तुझी पापं काही कमी नव्हती," मागून कोणीतरी म्हणाले.

"तू गप्प बस. तबकडी पहिल्यांदा तूच नेली होतीस माझ्याकडून, पावाखाली लपवून."

"मी? मी तर बायकोसाठी..."

"तुझी बायको दुसऱ्या दिवशी आली होती. तिलाही एक हवी होती, तुझ्यासाठी."

दालनात हशा पिकला. इल्वाही हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला. बोर्गहिल्डने खाली वाकून तिचे डोके दोन्ही हातांत धरले. "चांगलं होतं ते," ती म्हणाली. "ऐकतेयस ना? फार चांगलं होतं. मी त्याच दिवशी म्हणायला हवं होतं. आम्हाला वाटलं, तुला कळतंय."

मग सगळ्यांनी एल्डारकडे पाहिले. तो खिडकीशी रंगाचा ब्रश घेऊन उभा होता. विकायच्या घराची खिडकी तो का रंगवत होता कोण जाणे. त्याने ब्रश डब्यात बुडवला, काढला, पुन्हा बुडवला.

"ते गाणं," तो म्हणाला, "ते माझं आहे ना?"

"हो, बाबा."

"मी रोज ऐकतो. होडीवर. तिथं कुणी नसतं." त्याच्या ब्रशमधून पांढरा रंग त्याच्याच बुटावर गळत होता. "मला वाऱ्याचं विचारायचं नसायचं, पोरी. कधीच नसायचं."

एवढे बोलून तो तडक बाहेर गेला, होडीची दोरी बघायला. दोरी ठीक होती. इल्वा त्याच्यामागे धावली. उघड्या दारातून आम्हाला ते दोघे धक्क्यावर उभे दिसले. बराच वेळ ते तिथे होते, आणि या वेळी बोलताना दिसत होते.

मला कोणी ढिगावर नेले नाही. टोर्डिसने माझ्यावरची फुली स्वतःच्या एप्रनने पुसली आणि कोळ्यांनी मला एल्डारच्या घरी पोहोचवले. उन्हाळाभर इल्वाने माझा भाता शिवला, जिभा एकेक काढून घासल्या, उंदराचे भोक बुजवले. हिवाळा येईपर्यंत आमच्याकडून नवी गाणी तयार झाली होती, बेटाच्या बोलीतली. आता ती जपानला जात नाही. लहान लहान गावांत, शाळांत, ग्रंथालयांत गाते आणि दोन दौऱ्यांच्या मधे घरी येते. काही गाणी खूप लोक ऐकतात, काही थोडे. सगळ्यांत आधी ऐकायला मात्र एल्डार असतो. तो अजून "वाईट नाही" असेच म्हणतो, पण मग थोडा थांबतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, "म्हणजे, चांगलं आहे." ते दुसरे वाक्य म्हणताना त्याला अजून घाम फुटतो. बोर्गहिल्डने नव्या गाण्यांतली पहिली चार ऐकली. पाचव्याच्या वेळी ती नव्हती. पण ती गेली तेव्हा तिच्या मनात सांगायचे काही शिल्लक राहिले नव्हते, आणि ते थोडे नाही.

मित्रांनो, मला वाऱ्याने, दमट हवेने, उंदरांनी त्रास दिला. माशांच्या टोपलीनेही दिला. पण सर्वांत जास्त त्रास मला बंद झाकणाने दिला. वाजवून मी झिजले, ते मला कधी दुखले नाही. दुखले ते न वाजवता पडून राहिलेले. तुमच्या घरात एखादे जुने वाद्य झाकण लावून बसले असेल तर त्याची धूळ पुसा आणि त्याला थोडा वारा द्या.

आणि माणसांचेही तसेच करा. तुमच्या घरी कोणी गात असेल, कोणी चित्र काढत असेल, कोणी रोज तुमच्यासाठी जेवण रांधत असेल, आणि ते तुम्हाला आवडत असेल, तर समोरच्याला कळतच असेल असे धरून चालू नका. मनात ठेवलेले कौतुक बाहेरून अगदी नावडीसारखे दिसते. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा आत्ताच उठा आणि त्या माणसाला जाऊन सांगा. धड बोलता आले नाही तरी चालेल, बुटावर रंग सांडला तरी चालेल. माझे ऐकत इथे बसून राहू नका. माझी गोष्ट संपली आहे.